‘अर्धा कोयता’ कोणत्या रकान्यात लिहायचा?

पत्र बीड जिल्ह्यातून आलंय. लिहिणारी २२ वर्षांची, समाजशास्त्र घेऊन यंदाच बी.ए. झालेली, कॉलेजात पहिली आलेली. ती नववीत जाईपर्यंत आईवडील दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि ती गावात आजीजवळ राहायची. आता वडिलांनी गावातच छोटं किराणा दुकान टाकलंय. मामा-मामी मात्र अजून तोडीला जातात. तिला समाजशास्त्रातच पुढे शिकायचंय आणि तेही टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, म्हणजे ‘टिस’मध्येच. वडील म्हणतात, ‘एम.ए. करून काय होतं? बी.एड. कर, नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव.’ चुलते स्थळं आणतायत. तिची स्वतःची धास्ती वेगळी आहे. सगळं शिक्षण मराठीत झालंय, इंग्रजी अडखळत वाचता येतं, बोलायची वेळ आली की त-त-प-प होतं. ती विचारते: टिस मिळालं नाही तर दुसरीकडे एम.ए. करण्यात अर्थ आहे का? इंग्रजीमुळे मी मागे पडेन का? खर्चाचं काय करू? मुलाखतीत आईवडील ऊस तोडायचे हे सांगू की गप्प बसू? आणि ताजा कलम: मुलाखतीला साडी नेसू की ड्रेस घालू?

*

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तू एक गोष्ट सहज सांगून गेलीस. गेल्या वर्षी गावात एक पाहणी करणारा मुलगा आला होता आणि सरांनी तुला त्याच्यासोबत घरं दाखवायला पाठवलं होतं. मामीच्या दारात त्याने फॉर्म काढला. ‘घरात कमावणारे किती?’ मामी म्हणाली, ‘एक कोयता.’ त्याने रकान्यात १ लिहिला. तू त्याला थांबवलंस. म्हणालीस, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा माणूस गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. तो म्हणाला, ‘ताई, रकाना एकच आहे हो.’ आणि पुढच्या घराकडे निघाला.

त्यानंतर लगेच तू फीच्या काळजीवर गेलीस. मी मात्र त्या परिच्छेदापाशीच थांबले.

हंगामाआधीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतली जाते मामाच्या नावावर. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव मामाचं. पहाटे थंडीत उसाच्या फडात मोळ्या बांधायला, डोक्यावरून ट्रकवर चढवायला मामी असते; पण हिशेबात ती कोयत्याच्या अर्ध्या भागात विरघळून जाते आणि सरकारी फॉर्मवर ‘गृहिणी’ होते. रकाना बनवणाऱ्याला कोयता माहीत नाही आणि कोयतेवाल्यांना रकाना कोण बनवतं ते माहीत नाही. तुला दोन्ही कळलं. समाजशास्त्रात अशा जागेलाच प्रश्न म्हणतात, आणि तो तुला कुठल्या संस्थेने दिलेला नाही. तू तो घेऊनच आलीस. म्हणून ‘टिस मिळेल का’ हे आधी बाजूला ठेवू. आधी बघू की हा प्रश्न घेऊन कुठे जाता येतं.

एक उदाहरण तुझ्याच जिल्ह्यातलं घे. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८० हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. पेपरात आकडा आला, चार दिवस चर्चा झाली, मग थांबली. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाचं काम खरं तिथून सुरू होतं. सहातली एक हे जास्त आहे हे कशावरून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरातलं हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे प्रचंड फरक. पण लगेच ‘पाचपट’ म्हणून मोकळं होता येत नाही. दोन्हीकडचे वयोगट सारखे आहेत का? शस्त्रक्रिया कितव्या वर्षी झाली? सरकारी दवाखान्यात की खासगी? डॉक्टर काय म्हणाला? मासिक पाळीमुळे कामाला खाडा पडला की मुकादम दंड लावतो, त्याचा यात वाटा किती? फडावर न्हाणीघर नसणं, कमी वयात लग्न, दोन-तीन बाळंतपणं लवकर उरकणं, ‘आता पिशवीचं काय काम’ हे सासूचं वाक्य, हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय? हे विचारायला पाहणीचं तंत्र लागतं, आकडेवारी लागते, आणि मामीशेजारी बसून तिने आपणहून बोलायची वाट बघण्याची सवयही लागते. पहिल्या दोन गोष्टी एम.ए.त शिकवतात. तिसरी तुझ्याकडे आहे.

आता संस्था. तू पत्रात टिसचं नाव सात वेळा लिहिलंस, मी मोजलं. बाकी कुणाचं एकदाही नाही. गावाकडे समाजशास्त्राच्या सरांना तेवढंच एक मोठं नाव ठाऊक असतं, त्यात तुझी चूक नाही. पण चित्र त्याहून मोठं आहे.

टिस १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झाली, समाजकार्य शिकवणारी शाळा म्हणून. पुढे देवनारला गेली, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिचा पिंड पहिल्यापासून समाजकार्याचा आहे. अत्याचार झालेल्या बायकांसाठी पोलिस ठाण्यात जो विशेष कक्ष असतो, त्याची सुरुवात १९८४ साली टिसने मुंबई पोलिसांसोबत केली. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फोन १९९६ मध्ये सुरू झाला, तोही टिसच्याच एका प्रकल्पातून. आणि तुला तर मुंबईलाच जायला हवं असंही नाही. टिसचं एक आवार तुळजापूरला आहे, ग्रामीण विकासावर भर देणारं. तुझ्या वडिलांना देवनार ऐकून जेवढी धडकी भरेल, तेवढी तुळजापूर ऐकून भरणार नाही. भवानीचं दर्शन आणि लेकीची भेट एका फेरीत होईल.

पण इथे एक गोंधळ आहे, आणि तो तुझ्या पत्रातही आहे. एका ओळीत तू लिहितेस, ‘मला ऊसतोड कुटुंबांसाठी काम करायचंय.’ दुसऱ्या ओळीत लिहितेस, ‘मला यावर संशोधन करायचंय.’ या दोन वेगळ्या वाटा आहेत. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्य: आठवड्यातले ठरलेले दिवस क्षेत्रकार्य, दवाखान्यात, वस्तीत, संस्थेत प्रत्यक्ष काम, त्याच्या नोंदी, त्यावर मार्गदर्शकाशी बोलणं. तिथून पुढे स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक विभाग, ग्रामीण उपजीविकेच्या ‘उमेद’सारखी सरकारी अभियानं, दवाखान्यातलं समाजसेवा अधीक्षकाचं पद, अशा नोकऱ्या असतात. समाजशास्त्राचं एम.ए. म्हणजे सिद्धांत, संशोधन पद्धती, प्रबंध. तिथून अध्यापन, संशोधन, पत्रकारिता, धोरणाचं काम, स्पर्धा परीक्षा. दोन्हींत ये-जा चालते, पण दोन वर्षांचा रोजचा दिवस फार वेगळा जातो. रात्री दहा वाजता मामीच्या टोळीतल्या एका बाईला नवऱ्याने मारलं असा फोन आला, तर तुझं मन आधी कुठे जातं? तिला दवाखान्यात कसं न्यायचं इकडे, की असं सगळ्या टोळ्यांत होतं का इकडे? दोन्ही उत्तरं चांगली आहेत. पण अर्ज भरताना कोर्स त्यावरून निवड, संस्थेच्या पाटीवरून नको.

टिसपासून फार दूर नाही, गोवंडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणखी एक संस्था आहे जिचं नाव तुला कुणी सांगितलं नसेल. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, १९५६ ची. वर मी ज्या कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा दिला, ती देशभरची पाहणी हीच संस्था चालवते. म्हणजे तो एकच रकाना असलेल्या फॉर्मांच्या दुनियेचं मोठं घर. लोकसंख्या, आरोग्य, स्थलांतर यांत तिथे पदव्युत्तर अभ्यास होतो. आकड्यांशी तुझं वैर नसेल तर जरूर बघ. वैर असेल तर नको. तिथे संख्याशास्त्रापासून सुटका नाही.

पुण्याची गोखले संस्थाही तुझ्या कानावर येईल. १९३० ची, धनंजयराव गाडगीळांनी घडवलेली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली गरिबीचा जो अभ्यास मांडला तो तिथलाच. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च परवडतो की नाही, यावर त्यांनी गरिबीची रेषा ओढली आणि देशभर वाद झाला. रेषा कुठे ओढायची हा प्रश्न तुझ्या रकान्याच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. पण तिथला मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा, गणित पक्कं हवं. तुझ्यासाठी ती वाट आडवळणाची.

राहिले विद्यापीठांचे विभाग, ज्यांना तू ‘बाकी ठिकाणी’ म्हणून एका शब्दात बाजूला सारलंस. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, देशातला पहिला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथे पस्तीस वर्षं विभागप्रमुख होते, आणि ते मुळात संस्कृतचे एम.ए. होते बरं का. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षयकुमार देसाई ही सगळी त्यांच्या हाताखालची माणसं. पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आहे, राज्यशास्त्र आहे, आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. शर्मिला रेगे २०१३ मध्ये गेल्या; त्यांनी या केंद्रात मराठीतून आलेल्या मुलामुलींना बरोबर घेऊन शिकवायचं कसं, दोन भाषांतलं साहित्य कसं तयार करायचं, यावर वर्षानुवर्षं काम केलं. तुझ्या मामीचा प्रश्न तिथे कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. छत्रपती संभाजीनगरला तुझं स्वतःचं विद्यापीठ आहे, १९५८ चं, आणि त्याचं उपकेंद्र धाराशिवला. तिथल्या विभागाला ‘आपलंच तर आहे’ म्हणून नाक मुरडू नकोस. तुझ्या विषयाचं क्षेत्र बसने दोन-तीन तासांवर असणं ही सोय देवनारला बसून मिळत नाही.

मोठ्या संस्थेचा फायदा नसतोच असं मी म्हणणार नाही. ग्रंथालय मोठं असतं, देशभरातले वर्गमित्र मिळतात, आणि पहिल्या नोकरीच्या वेळी नाव कामाला येतं. पण एम.ए.त माणूस घडतो तो मुख्यतः दोन-तीन गोष्टींवर: एखादा शिक्षक तुमचं लिहिलेलं ओळ न् ओळ वाचून लाल शाईने परत देतो का, वर्गात भांडायला चार मुलं भेटतात का, आणि ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. हे संस्थेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करून विचारावं लागतं. प्रत्येक ठिकाणच्या निदान दोघांना विचार, आणि त्यातली एक मुलगी असू दे.

आता वेळेचं. तू पत्र निकाल लागल्यावर लिहिलंस. टिससाठी सीयूईटी ही देशभरची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. म्हणजे यंदाची गाडी गेली. पुणे-मुंबईच्या विद्यापीठांचे प्रवेशही उन्हाळ्यातच सुरू होतात, तेव्हा त्यांची संकेतस्थळं आजच बघ, उद्या नको. तुझ्यासमोर खरा प्रश्न ‘टिस की बाकी’ हा नाहीच. तो आहे: वर्षभर थांबून तयारी करू, की आत्ता मिळेल तिथे प्रवेश घेऊ?

पुस्तकी सल्ला असा की थांब, एक वर्षाने काही बिघडत नाही. पण आपल्याकडे घरात बसलेली मुलगी आणि ॲडमिशन घेतलेली मुलगी यांत फार फरक असतो. ‘शिकतेय ती’ हे एक वाक्य चुलत्यांच्या स्थळांना दिवाळीपर्यंत नाही, दोन वर्षं थोपवतं. म्हणून घरचं वारं तू लिहितेस तसंच असेल तर मी म्हणेन, तुझ्या विद्यापीठाच्या विभागात किंवा एखाद्या चांगल्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.ला आत्ताच प्रवेश घे. मन लावून शिक. मार्चमध्ये सीयूईटी देऊन बघ. नव्या रचनेत एम.ए.चं पहिलं वर्ष पुरं करून बाहेर पडलं तर पदव्युत्तर पदविका मिळते, वर्ष पाण्यात जात नाही. फक्त एक मेख आहे: एकाच पातळीच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला सरकारी शिष्यवृत्ती पुन्हा मिळताना अडचण येते. म्हणून संस्था बदलण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचार. तोंडी ‘होतंय हो मॅडम’वर विसंबू नकोस. आणि वर्षभरात तो विभागच आवडला, तर तिथेच रहा. त्यात हार नाही.

वडील थांबायला राजी असतील तर मात्र ते वर्ष एखाद्या संस्थेत काढ. दसऱ्यानंतर गावागावांत ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं लागतात, तिथे माणसं हवीच असतात. पगार नगण्य असेल. रोजची डायरी लिही.

इंग्रजीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथे मी स्वतः होते.

मी पुण्यात एम.ए.ला आले तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या समासात पेन्सिलीने मराठी शब्द खच्चून भरलेले असायचे. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञावरचा एक लेख होता. त्यात ‘लेजिटिमसी’ हा शब्द वारंवार यायचा. कोश काढला, ‘अधिमान्यता’ मिळाला, समासात लिहिला. आता दोन्ही भाषांत कळेना! आठ दिवस मला वाटत होतं की माझं इंग्रजी कच्चं आहे. मग वर्गात बाईंनी विचारलं, ‘गावात लोक पाटलाचं का ऐकतात? फौजदाराचं का ऐकतात? आणि एखाद्या बुवाचं का ऐकतात? तिन्ही कारणं एकच आहेत का?’ मी बाकावरून जवळजवळ उठलेच. वंशपरंपरेने, कायद्याने आणि माणसाच्या तेजाने, या तीन सत्ता मी लहानपणापासून ओट्यावर बसून बघत आले होते. वेबर मला तेव्हा कळला. अडलेला शब्द इंग्रजी नव्हता, तो अमूर्त होता. आणि अमूर्त शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही अडतात. फक्त त्यांना तो सफाईने उच्चारता येतो, म्हणून कळल्यासारखं वाटतं.

तरी इंग्रजी लागतं, हे खोटं सांगणार नाही. सीयूईटीचा समाजशास्त्राचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, मराठीत नाही. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. चार पर्यायांतला एक निवडायचाय, निबंध लिहायचा नाही, तेव्हा वाचून कळण्यापुरतं इंग्रजी पुरतं. पुणे, संभाजीनगरसारख्या विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिणारी मुलं भरपूर असतात. तुझ्या विभागात काय चालतं ते प्रवेशाच्या वेळीच विचार. पण मराठीत लिहिलं तरी वाचन इंग्रजीतून करायची सवय लाव. मी सांगते तसं कर: एक विषय घे, समजा स्थलांतर. त्यावर ‘समाज प्रबोधन पत्रिके’तला एखादा मराठी लेख आधी वाच. मग त्याच विषयावरचा इंग्रजी लेख, रोज एकच पान. विषय माहितीचा असला की भाषा आपोआप उलगडत जाते. उलट केलंस तर दोन्हीकडून जाशील. वेबरचा शब्द अडला तर कोशाआधी गावातलं उदाहरण शोध.

आणि मोठ्या संस्थेत पहिले तीन महिने तुला वाईट वाटेल, ते गृहीत धर. दिल्ली-बंगळुरूची मुलं वर्गात फाडफाड बोलतील. मग क्षेत्रकार्याला धाराशिवच्या एखाद्या वाडीत जायची वेळ येईल आणि तीच मुलं तुझ्या मागे उभी राहून विचारतील, ‘यह क्या बोल रही है?’ ‘यंदा उचल फिटली नाही’ या चार शब्दांत काय काय आहे ते तू त्यांना सांगशील.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांनी गुडघे झिजवून तुला शिकवलंय, ‘काय होतं’ हे विचारायचा त्यांना हक्क आहे. फक्त त्यांना वाटतं तसा एम.ए. हा बी.एड. आणि एमपीएससीचा शत्रू नाही, हे त्यांना समजावून सांग. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं, म्हणजे आधी एम.ए. केलं तर बी.एड.चं मोल वाढतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तिच्यात एक वैकल्पिक विषय घ्यावा लागतो आणि त्या यादीत समाजशास्त्र आहे. क्लासवाले जे फी घेऊन शिकवतील त्यातलं बरंच तू एम.ए.त शिकशील. प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, हा आकडा त्यांना जरूर सांग. महाराष्ट्र-गोव्यासाठी सेट परीक्षा असते, ती पुणे विद्यापीठ घेतं. पण ‘एम.ए. केलं की प्राध्यापक’ असं स्वप्न त्यांना दाखवू नकोस. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं आज तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढतायत. कायम नोकरीचा भरवसा एम.ए.त नाही, बी.एड.लाही टीईटी, टेट या परीक्षा आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट आहेच. हे खरं खरं मांडलंस तर ते जास्त ऐकतील. आमच्या पिढीने घरी खोटी आश्वासनं दिली आणि नंतर तोंडं लपवली.

पैशाचं. तू प्रवर्ग लिहिला नाहीस, म्हणून सगळंच सांगते. वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. बाहेरगावी राहायच्या खर्चासाठी अनुसूचित जातींना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी-भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी या असतात आणि मुंबई-पुण्याला वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत होते. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या पुढे पीएच.डी.च्या वेळी कामाला येतील. एक सावधगिरी: ‘मुलींना आता शिक्षण मोफत’ हे जे ऐकतेस, ती २०२४ ची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे. एम.ए.ला ती लागू आहे असं धरून घर सोडू नकोस.

कागद म्हणजे जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारला जोडलेलं बँक खातं. यातलं एक जरी राहिलं तरी पोर्टल अर्ज पुढे सरकू देत नाही, आणि तहसीलला खेटे घालायचे दिवस प्रवेशाच्याच दिवसांत येतात. आत्ता सुरू कर. पैसे मात्र वेळेवर येतील असं समजू नकोस. माझी शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती मी परीक्षा देऊन, खोली सोडून घरी गेल्यावर जमा झाली. तोवर खानावळीच्या मावशींच्या वहीत माझं एक अख्खं पान भरलं होतं. ते पैसे घेऊन मी परत पुण्याला गेले तेव्हा मावशींनी पान फाडून माझ्या हातात दिलं. अजून आहे माझ्याकडे. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या जेवणाची आणि खोलीची तजवीज करूनच निघ, शिष्यवृत्ती ही नंतरची गोष्ट. दुकानाच्या कमाईतून तेवढं निघत नसेल तर जवळचा विभाग निवडायला तेही एक कारण आहे, आणि चांगलं कारण आहे.

आता मुलाखत. आईवडील ऊस तोडायचे हे सांगू का?

तुझ्या ‘गप्प बसू का’मागे एक समजूत आहे: शिकायचं म्हणजे कोयत्यापासून लांब जायचं, आणि लांब गेल्याचं दिसलं पाहिजे. मी म्हणते, सांग. पण ‘आम्ही फार हलाखीत दिवस काढले’ अशा सुरात सांगू नकोस. पॅनेलवरचे लोक दिवसाला अशा दहा कहाण्या ऐकतात, हळहळतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. तू रकान्याची गोष्ट सांग. ‘फॉर्ममध्ये कमावणारे एक असं लिहिलं, पण कोयता म्हणजे दोघं असतात, आणि मला हे शोधायचंय की अशा मोजणीत बाईचे श्रम कुठे हरवतात.’ बस. एवढं मराठीत म्हणालीस तरी चालेल. आधी नम्रपणे विचार, ‘मी मराठी-हिंदीत उत्तर दिलं तर चालेल का?’ फार तर नाही म्हणतील, मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांग.

प्रवेश मिळाल्यावर मात्र एका गोष्टीला तयार रहा. वर्गात ऊसतोडीचा, दुष्काळाचा, मराठवाड्याचा विषय निघाला की सगळ्या माना तुझ्याकडे वळतील. जणू दहा-बारा लाख मजुरांच्या वतीने तूच बोलायचंस. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल. नाही वाटलं तर ‘मला माहीत नाही, बघावं लागेल’ म्हण. तू तिथे शिकायला गेलीयेस, नमुना म्हणून नाही. आणि कधीतरी तुला ऊसतोड सोडून भलत्याच विषयावर, समजा शहरातल्या मॉलवर किंवा गावातल्या डीजेवर प्रबंध करावासा वाटला, तर तोही बेलाशक कर. मामी काही रागावणार नाही.

आज संध्याकाळी एक काम कर. त्या फॉर्मचा तो एक रकाना पानावर काढ, आणि त्याच्या शेजारी तुला हवा तसा रकाना तू स्वतः बनव. काय विचारशील? कुणाला विचारशील, मामाला की मामीला, की दोघांना वेगवेगळं? मामीसमोर मामा बसलेला असेल तर उत्तर बदलेल का? मामी तोडीला निघायच्या आधी तो फॉर्म तिच्यावर एकदा करून बघ. ती हसेल, दोन प्रश्न तूच खोडशील. ते खोडलेलं पान जपून ठेव. अर्जासोबत ‘तुम्हाला हा विषय का शिकायचाय’ असं निवेदन मागतात, तेव्हा इंटरनेटवरचं कुणाचं तरी उतरवून काढण्यापेक्षा ते पान समोर घेऊन बस.

आणि ताज्या कलमाचं उत्तर: ड्रेस घाल. मुंबईला जावं लागलं तर एसटीने रात्र काढून सकाळी पोचशील. साडीच्या निऱ्या सावरत पॅनेलसमोर बसण्यात अर्धं लक्ष जाईल. पण साडीतच तुला मोकळं वाटत असेल तर साडी. चप्पल मात्र जुनी घाल, नवी चावते.